हलका हात

६ जानेवारी

आज हिंमतरावांचा पाय माझ्या हातात होता! टाच एका तळव्यावर, गुडघा दुसऱ्यावर.

डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं – सुभानपुऱ्यात पेशंट आहे, गुडघ्याची वाटी बदललीय, घरी जाऊन व्यायाम द्यायचे. दारावरची पाटी वाचली आणि वाटलं, परत फिरावं. नाही फिरले.

ओळखलं नाही त्यांनी. लग्नानंतर आडनाव बदललं, कसं ओळखणार! "ये बेटा. जास्त छळू नको हां," म्हणाले.

बाबांची गोरव्यातली शेड यांनीच घालवली. महापालिकेच्या समितीवर होते, अजूनही आहेत. नकाशात रस्ता काढला, तो नेमका बाबांच्या लेथ मशीनवरून. आणि बाबा यांच्या प्रचाराला उन्हातान्हात फिरलेले – बडोद्यात आपला मराठी माणूस म्हणून! शेड पाडली. रस्ता कधी झालाच नाही. पुढे नकाशा बदलला, रस्ता रद्द, आणि ती जागा महापालिकेने विकली. कोणाला? यांच्या भाच्याला. आता तिथे 'नलिनी आर्केड' आहे. नलिनीकाकू म्हणजे यांची बायको.

त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आम्ही कोर्टात गेलो. तारखा मिळतात.

७ जानेवारी

बाबांना आज रडवलं. खांदा धरलाय, ओढावाच लागतो. जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

१० जानेवारी

नव्या गुडघ्याचं एक असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत वाकवला तर वाकतो. दुखतं – घाम फुटतो, माणूस आपल्याला शिव्या घालतो. पण तेव्हा दया केली, की आत सगळं चिकटत जातं. पाय दांडक्यासारखा होतो तो होतोच.

मी दया करणार आहे.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळं बडोदं गच्चीवर, मी हिंमतरावांच्या पलंगाशी. वरून पतंग कापल्याच्या, "काप्यो छे!"च्या आरोळ्या. पाय जरा उचलायचा, तेल लावायचं, पुन्हा ठेवायचा. तोंड वाकडं केलं की थांबायचं.

"अरे वा! जरापण दुखत नाही. नलिनी, हिचा हात किती हलका आहे बघ!" काकूंनी उंधियूचा डबा भरून दिला. घरी आणून कचऱ्यात टाकला.

मधेच फोन आला. पालिकेतलाच कोणीतरी. गुजरातीत बोलणं, माझ्यासमोरच – पाय चोळणाऱ्या बाईला कान नसतात. पुन्हा रस्ता! पुन्हा गोरवा! बाबांच्या शेडच्या मागच्या गल्लीतून. तिथे रसिकाबेनची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर एकटीने चालवते. आमचे गहू अजून तिथेच जातात.

"हमणां रहेवा दो. पछी जोईशुं," म्हणाले – आत्ता राहू दे म्हणे, मग बघू – आणि फोन ठेवला. बराच वेळ छताकडे बघत होते. दर ठरवत असतील मनात.

थांबा हिंमतराव. तुमचाच रस्ता बंद करते.

२३ जानेवारी

सलीलला सांगितलं. माझा धाकटा भाऊ, कोयलीला रिफायनरीत आहे. "ताई, लायसन्स जाईल तुझं," म्हणाला. जाऊ दे!

मग बाबांनाही सांगितलं. हात ओढता ओढता, हळूच, कानाशी. कोणाचा पाय, मी काय करतेय, पुढे काय होणार. ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता रागावतील.

ओठ हलले. खूप वेळ जुळवाजुळव चालली होती. मग शब्द आला –

"जाम?"

मशीन अडकलं की बाबा हाच शब्द वापरायचे. "हो बाबा. जाम होणार."

आणि हसले! अर्ध्या तोंडाने, लाळ गळेपर्यंत. आजारपणानंतर पहिल्यांदा. पुसताना मीही हसत होते. रडतही होते बहुतेक.

५ फेब्रुवारी

डॉक्टर तपासायला आले. गुडघा काटकोनापर्यंतसुद्धा जात नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "मोहना, हे काय? इतके आठवडे काय केलंस?"

मी तोंड उघडायच्या आत हिंमतराव म्हणाले, "मुलीला बोलू नका. मीच आळशी. ती बिचारी रोज सांगते."

कान तापले माझे. खोटं बोलायची सवयच आहे त्यांना, म्हणून बोलले. दुसरं काय!

६ फेब्रुवारी

आज त्यांच्याकडून मुद्दाम पाच मिनिटं आधी निघाले.

२० फेब्रुवारी

गुडघा धरला! पुरता धरला!

काल त्यांच्याकडे सत्यनारायण होता. पाटावर बसता येईना. यजमान खुर्चीत, पाय समोर काठीसारखा, गुरुजी त्याला वळसा घालून जात होते. नवीन गाडीत शिरायला दोन माणसं लागतात. परवाच्या सभेत स्टेजच्या पायऱ्या चढवताना त्यांना अक्षरशः उचललं. काकूच सांगत होत्या, डोळ्यांत पाणी आणून. मी "अरेरे" म्हटलं.

डॉक्टर म्हणतात, भूल देऊन वाकवून बघू. हे ऐकायला तयार नाहीत. "एकदा भूल घेतली ती पुरे. पुन्हा टेबलावर जाणार नाही." भित्रे!

बाबांना सगळं सांगितलं, पाटासकट. आज त्यांचा हात खांद्याच्या वर गेला. ओरडले नाहीत.

मी किती दिवसांनी जेवण चवीने जेवले.

२७ फेब्रुवारी

शेवटची भेट. हिंमतरावांनी काकूंना बाहेर जायला सांगितलं.

"तू जनार्दनची मुलगी ना? पहिल्याच दिवशी ओळखलं. हनुवटी तीच आहे."

माझा हात त्यांच्या पायावर तसाच राहिला.

"म्हटलं, ही आता सूड घेणार. ओरडायची तयारी ठेवली होती मी. आणि तू? फुलासारखं जपलंस! तुझ्या बाबांचं ते मनात टोचत होतं बेटा, तेव्हापासून. तू माफ केलंस, सुटलो." खरोखर रडत होते. मग डोळे पुसून म्हणाले, "गोरव्याच्या दुसऱ्या रस्त्याची सही अडवून ठेवली होती. हात धजत नव्हता. काल करून टाकली."

रसिकाबेनना सोमवारपर्यंत गिरणी रिकामी करायला सांगितलंय.