मुंगीच्या बाटलीतला कोळी

११ नोव्हें.
कीटकांच्या कपाटाची नवी यादी सुरू. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार, त्याआधी सगळ्या बाटल्यांना छापील चिठ्ठ्या हव्यात, असं विभागप्रमुख मॅडमचं फर्मान. जुन्या चिठ्ठ्या नानांच्या हातच्या. नाना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अक्षर अजून ठसठशीत. मला प्राणिशास्त्र त्यांनीच शिकवलं, प्रयोगशाळेत सहायक म्हणून चिकटवलंही त्यांनीच.
आज फक्त वाळवी झाली. नानांच्या वेळी तिचा गण वेगळा होता, आता ती झुरळांच्या गणात. चिठ्ठी बदलली.

१३ नोव्हें.
'काळी मुंगी. कपाशीवरून, शिरपूर.' अल्कोहोल उडालेलं. नवीन भरण्याआधी भिंगाखाली घेतली.
मिशा नाहीत! मिशा वाटतात ते पुढे काढलेले पाय. पाय आठ. तोंडावर दोन मोठे डोळे. कोळी आहे, मुंगीची हुबेहूब नक्कल करणारा.
प्रात्यक्षिकाला दरवर्षी हीच बाटली. घरी येऊन माझं बी.एस्सी.चं जर्नल शोधलं. सहा पाय, दोन मिशा, खाली नानांची सही. समोर आठ होते, मी सहा काढले. मुंगी म्हणून सांगितलेलं, म्हणून.

१४ नोव्हें.
मॅडमना दाखवलं. "चिठ्ठी बदला आणि विषय संपवा. त्यांना या वयात कशाला सांगायचं?"
पटलं. पण यादीत 'बदलाचं कारण' असा रकाना आहे. पेन धरून बसले, पण नानांना न सांगता त्यात काही लिहवेना.

१६ नोव्हें., रवि.
मेहरूणला नानांकडे. बाटली रुमालात बांधून नेली. त्यांना आता पेपरही त्यांच्या पत्नी, अक्का, वाचून दाखवतात. चहा झाल्यावर सांगितलं. वर्गात शुद्ध बोलणारे नाना घरी अहिराणीतच:
"हाई मुंगीच शे. मी सोता धरेल शे."
बाटली माझ्याकडे सरकवली. रिक्षात बसल्यावर वाटलं, मॅडमचं ऐकायला हवं होतं.

१७ नोव्हें.
काम केलं नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी.

१९ नोव्हें.
सकाळीच नानांचा फोन, "ये. बाटली लई ये. भिंगबी."
दोन्ही घेऊन गेले. खिडकीशी बसवलं मला. "माले दखात नही. तू मोज, मी आयकस."
मोजले. सातव्याला त्यांनी हात वर केला, मी थांबले. मग म्हणाले, "मोज."
"आठ, नाना."
"मिशा?"
"नाहीत."
"कोयी शे मंग." बाटली बराच वेळ हातात फिरवली. "कितला पोरेस्नी मुंगी म्हनीसन काढी व्हई?"
म्हटलं, मी पण.
"तुन्हा सहा पायले मी सही करी?"
"केली."
त्यांना बरं वाटावं म्हणून वाळवीचं सांगितलं, नावं तर बदलतच राहतात. तर चिडले. "नाव बदलनं येगळं, चुकनं येगळं. हाई मन्ही चूक शे. तशीच लिख."
अक्का दारापर्यंत आल्या. "रातभर झोपनात नही," एवढंच म्हणाल्या.

२० नोव्हें.
रकान्यात लिहिलं: 'मूळ ओळख चुकीची. कीटक नाही, कोळी. चूक मूळ संग्राहकाने स्वतः मान्य केली.' वाळवीच्या ओळीत: 'वर्गीकरण बदलले.' दोन्ही ओळी एकाच पानावर आल्या.
मॅडमनी वाचलं. "समितीपुढे हे असं ठेवायचं?" पान परत दिलं, सही न करता.

२२ नोव्हें.
परत नानांचा फोन. मुंग्यांच्या उरलेल्या बाटल्याही पुन्हा बघायच्या म्हणतात, एकूण एक. मी मोजायचं, त्यांनी ऐकायचं. त्यासाठी त्यांना कॉलेजात यायचंय. मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं. "समिती जाऊ दे, मग बघू."
दुपारी मुंग्यांचा कप्पा रिकामा करून बाटल्या टेबलावर मांडल्या. खिडकीजवळ दोन खुर्च्या ठेवल्या.
नानांना सोमवारी अकराला घ्यायला येते म्हणून सांगितलंय. मॅडमना अजून काही सांगितलेलं नाही.