वाकडी साखळी

६ जून
नवा चष्मा आला. पोरगा मृत्युंजयच मागं लागलता. "अव्वा, जुना झिजलाय, नवा करू." दुकानात डोळं तपासा म्हणत व्हते. म्हटलं, नाटकं नकोत, जुन्याचाच नंबर उतरवून घ्या. जुन्याला खाली जवळचं बघायची चंद्रकोर व्हती. ह्याला रेघच न्हाय — वर लांबचं, मधी मधलं, खाली जवळचं. दुकानदार म्हणला, "आक्का, कडंनं वाकडं दिसणार. बघायचं तिकडं नाक करायचं." सत्तरी उलटली, आता नाकानं बघा!

९ जून
सुनंनं जोडलेली पैंजणाची साखळी पाटावर ताणून धरली. मधीच पोक! शिमग्यापासनं ह्या दानेश्वरीचा हात बिघडलाय. म्हटलं, "साखळी हाय का गटार?" "सरळ हाय की, आत्या." उलट बोलती! मोडून परत जोडाय लावली. हुपरीच्या चांदीवाल्याकडं असला माल गेला तर माझं नाव जाईल.
मृत्युंजय म्हणतोय, नव्या काचंमुळं आसंल.

१० जून
साखळी परत आणली. ताणली न्हाय, हातावर घिऊनच बघितली. आता बरी वाटली. बोलल्याबिगर काम हुईत न्हाय.

१४ जून
पेटीतला जुना, नुसता जवळचा चष्मा घालून साखळी बघितली. मधी फुगीर काच, एकाच नंबराची, कडंबिडंची भानगड न्हाय. तरीबी पोक! म्हंजे काच न्हवं, पोरीचाच हात. लई बोलले. "माहेरी जा, शिकून ये." जेवली न्हाय. नको जेवू.

१९ जून
दुकानात भांडाय गेलते. "पावणं, काच बदला!" त्यानं माझा डावा डोळा झाकला. म्हणला, समोरची पाटी वाचा. पाटी दिसती, मधली अक्षरंच न्हाईत. "कुणी पुसली?" म्हटलं. हसला न्हाय. "आक्का, हे काचंचं काम न्हवं. डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडं जावा. आजच."
घाबरवायचा धंदा! पण घरी येऊन मृत्युंजयला डॉक्टरकडं नंबर लावाय सांगितलं.

२१ जून
डॉक्टरीण पोरगीच हाय. चौकटीचा कागद दिला, एकेक डोळा झाकाय लावला. उजव्यानं बघितलं तर चौकटी मुरगाळलेल्या, मधी काळा डाग.
तिला म्हटलं, चांगली जाड काच दे. ती म्हणली, "आजी, काच उजेड वळवून आतल्या पडद्यावर नेमका पाडते. फुगीर असो, खोलगट असो, तिरप्या नंबराची असो, काम तेवढंच. तुमचा पडदाच मधनं खराब झालाय. कुठली काच घालू?"
इंजेक्शन डोळ्यात टोचायचं म्हणं. डाव्याला सुरुवात झालीय, तो बहुतेक राहील. उजव्याचं मधलं गेलं. परत यायचं न्हाय. "सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, तेव्हाच यायचं होतं."


२२ जून
डाव्याला टोचलं. पट्टी हाय. ओळी खालीवर जात असतील, जाऊ देत.

२४ जून
दानेश्वरीला जवळ बसवली. म्हटलं, "पोरी, माझ्यापायी तुला सरळ साखळ्या मोडाय लागल्या."
ती म्हणली, "एकबी मोडली न्हाय, आत्या. तीच दुसऱ्या दिवशी परत आणून दावायची मी."
"म्हंजे माझ्या डोळ्याचं तुला ठावं व्हतं?"
"सगळ्यांनाच. शिमग्यापासनं. तुमच्या तोंडाला लागायचं कुणी?"