अडथळ्याखालचे दोन बिंदू

३ जून
कल्पनाने पीएचडीच्या प्रबंधाचा शेवटचा मसुदा आणला. सालेकशाहून सकाळच्या गाडीने येते. तिला बसायला सांगितलं नाही. लिथियम-६ शिशावर आदळला की काय होतं, एवढाच विषय. दोन्ही केंद्रकं एकमेकांना विद्युतभाराने दूर लोटतात, तो अडथळा; ऊर्जा त्याखाली गेली की शोषण घटायला हवं. हिच्या आलेखात शेवटचे दोन बिंदू वर. म्हटलं, काढून टाक.
"काऊन काढू सर? तीनदा मोजले."
तोंड बघा!

५ जून
पुन्हा तेच. म्हणे, लिथियम सैल बांधलेला; शिशाला भिडायच्या आधी दुरूनच फुटतो, अल्फा एकीकडे, ड्यूटेरॉन दुसरीकडे, म्हणून शोषण वाढतं. मला शिकवते! विचारलं, धान रोवणाऱ्यांच्या घरात हे कोणी सांगितलं? रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. मार्गदर्शक म्हणून सही दिली नाही. ३० ला मुदत संपते, मग नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात.

११ जून
माझा जुना प्रबंध काढला. माझेही दोन बिंदू असेच वर गेले होते. घट्ट बांधलेल्या केंद्रकांचं शोषण घटतं, म्हणून लिथियमचंही घटणारच असं धरलं. खराब मोजणी म्हणून खोडले. त्यावर पदवी, नोकरी, मुर्री गावातलं घर...

१८ जून
तिचे वडील आले, घरचा तांदूळ घेऊन. त्यांना दोन तास बाहेर उभं ठेवलं.
"सर, पोरीचं काऊन अडून राहिलं जी? काही चुकलं का तिचं?"
म्हटलं, डोकं कमी पडतं तिचं. मान खाली घालून गेले. तांदूळ ठेवून घेतला.

२४ जून
कल्पना दारात. "बाबाले असं काऊन बोलले सर?" आवाज चढवला नाही. माझी जुनी प्रयोगवही टेबलावर ठेवली. वही कशी ठेवावी ते बघ म्हणून पहिल्या वर्षी मीच दिली होती. विसरलो होतो. खोडलेले आकडे रेघेखालून स्पष्ट वाचता येतात.
"तवाच दिसले होते सर. वाटलं, तुम्हीच सांगाल."
"झेरॉक्स काढलीस?"
"नाही."

२९ जून
उद्या मुदत. समोर तिचं सहीचं पान आणि माझी वही. वही जाळली तर कुणाला कळणार नाही, तिलाही हे ठाऊक आहे. तरी देऊन गेली. याचाच जास्त राग येतो. पेनचं टोपण काढून बसलोय. बायको जेवायला बोलावतेय. तोच तांदूळ शिजलाय, वास इथपर्यंत येतो.