रेंज नसलेली गावं

आर्णी, मंगळवार

रफिकचाचा आज काम सोडून गेले. आमच्या पंपाच्या दुकानातले सगळ्यात जुने मिस्त्री. शेठनी दिलेला मोबाईल त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. आदळला नाही, हळूच ठेवला.

दुरुस्तीची नोंद मोबाईलवरच भरायची, असं ठरलं तेव्हा दोन अ‍ॅप पाहून दुकानाचा हिशेब ठेवणारी मीच शेठना म्हणाले होते, "रेंज नसतानाही नोंद साठवून ठेवणारं घ्या. फुलसावंगीकडच्या शिवारात रेंज कुठं राहते?" ते विकतचं होतं. त्यांनी फुकटचं घेतलं. चाचांनी शेतात बसून भरलेल्या नोंदी उडत राहिल्या. आज शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "पंप दुरुस्त केले म्हणता, मंग नोंद काहून नाही? दिवसभर फिरता कुठं?"

"मले खोटं पाडून राह्यले, शेठ? त्या शेतकऱ्याईले फोन लावून पाहा ना."

शेठनी लावला नाही. मीही गप्प. का? नोकरीची भीती, दुसरं काय! तो पालथा मोबाईल डोळ्यांसमोरून हलत नाही.

चाचा गेल्यावर मी फोन लावले. सगळ्यांचे पंप चालू होते. शेठना सांगितलं, तर म्हणाले, "आता कायले? दुसरा मिस्त्री पाहिला मी."

दुकानातून सुटल्यावर मी चाचांच्या घरी गेले. चाची दारातच म्हणाल्या, "झोपले ते, बेटी."

तेवढ्यात आतून चाचांचा खोकला आला. दोघींनीही ऐकला.

"बरं," मी म्हणाले आणि गाडी वळवली.