लॉकला बांधलेला हार

आबा, दसरा काल झाला आणि आज दादाची गाडी पहिल्यांदाच आमच्या कारखान्यात माल न्यायला आली. शिरोलीतल्या या कारखान्यातून माल रवाना करायचं काम मी बघते. भरलेला कंटेनर ट्रेलरवर नीट बसलाय हे पाहून मी सही केल्याशिवाय फाटक उघडत नाही. मी घरातली पहिली पदवीधर, म्हणून आई हे भेटेल त्याला सांगते. पण दादा केबिनमधून उतरला, तुमच्यासारखाच, खांद्यावर तुमचाच टॉवेल टाकून, आणि माझा जुना हेवा पुन्हा जागा झाला.

सुट्टी लागली की तुम्ही त्याला शेजारी बसवून बंदरापर्यंत न्यायचात. मी हट्ट केला की म्हणायचात, "तू शिक. गाडीत काय ठेवलंय?" गाडीत तुम्ही होतात, आबा. परत आला की तो आठवडाभर ऐकवायचा: आबा घाटात गाडी कशी उतरवतात, चहाला थांबले तरी आधी वाकून कंटेनरला ट्रेलरशी धरून ठेवणारे चारी कोपऱ्यांचे लॉक कसे बघतात. मी पुस्तक उघडं ठेवून ऐकायचे आणि त्याचा राग राग करायचे. पुढं मी दहावीत असताना तुम्ही गेलात. माझी फेरी राहूनच गेली.

माझ्या वाट्याला फक्त दसऱ्याचे हार. एका वर्षीचं आत्ताही दिसतंय. मी चौथीत आहे, उरलेल्या झेंडूचे छोटे हार करून ट्रेलरच्या लॉकच्या दांड्यांना बांधतेय. दादा केबिनमध्ये हॉर्न वाजवतोय. तुम्ही येता, हातातला नारळ खाली ठेवता आणि हार ओरबाडून काढता. "फुलं गाडीच्या तोंडाला घालायची! हितं दोरा अडकला तर दांडी पुरी फिरायची न्हाय. वळणावर कंटेनरचा डबा सुटला म्हंजे मागनं येणाऱ्यानं काय करायचं?" मी रडले. तुम्ही समजूत घातली नाही. माझा हात धरून दांडी शेवटपर्यंत फिरवून घेतलीत. लोखंड गार होतं, तुमचा हात गरम.

आज क्रेननं कंटेनर ट्रेलरवर ठेवला. दादानं लॉक फिरवले, हात झटकले. "म्याडम, सही करा की. घाटात गर्दी व्हायच्या आत निघतो."

मी गाडीभोवती फिरले. मागच्या कोपऱ्यात कालचा झेंडू चेंगरला होता आणि दांडी अर्ध्यातच थांबली होती.

"हे बसलेलं न्हाय."

"बसलंय गं. एवढा जड डबा, उडून जातोय व्हय?"

"मग मी सही करत न्हाय."

फाटकावरची माणसं हसली. दादा पुटपुटत वाकला, पकडीनं दोरा ओढून काढला, दांडी फिरवली. ती पुढं सरकली आणि ठक्क करून बसली. त्याचा चेहरा उतरला.

"आबांनी हे मला कधी सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "तुला कुठनं कळलं?"

"कॉलेजात शिकवतात," मी म्हणाले.

लॉकला पुन्हा फुलं बांधणार नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलं आणि मगच सही केली. ट्रेलर हायवेला लागेपर्यंत बघत उभी राहिले. हा कागद तुमच्या फोटोमागं ठेवणार होते. पण तो फोटो दादाच्या केबिनमध्ये आहे, आणि त्यानं हे वाचावं असं मला अजून वाटत नाही.