लाल मठाचा शाप : न कापलेली आवृत्ती

३ ऑक्टोबर, सकाळी

जर्मन एकीकरणाची सुट्टी. दुकानं बंद, रस्त्यावर कुणी नाही. नवी वही उघडायला असा दिवस बरा. संकल्प: रडगाणं लिहायचं नाही. ह्यांना जाऊन अडीच वर्षं झाली. मी आता पूर्ण सावरलेली बाई आहे. फक्त कामाचं लिहायचं.

आणि काम मोठं आहे. ह्यांचा सिनेमा परत येतोय.

'लाल मठाचा शाप'. १९७३ सालचा, निम्मा जर्मन, निम्मा इटालियन. रक्त, भुतं, भिक्षू, शेवटी आग. हे तेव्हा बॉनमध्ये ट्रेनी इंजिनिअर होते. ऱ्हाईनपलीकडच्या एका पडक्या मठात शूटिंग चालू होतं, आणि त्यांना सावळ्या चेहऱ्याचं कुणी हवं होतं. ह्यांनी मुख्य पुजाऱ्याचं काम केलं. शाप देतात तो सीन. स्वतःच्या आवाजात, खणखणीत मंत्र म्हणून. लग्नानंतर पंचेचाळीस वर्षं मी हे ऐकलं. पाहिलं कधीच नाही, कारण सेन्सॉरनं नेमका तोच सीन कापला. घरी कॅसेट आहे. तीत मठाचं दार उघडतं आणि थेट आग लागते.

आता बर्लिनची एक छोटी कंपनी ब्ल्यू-रे काढतेय. नवीन स्कॅन, पुस्तकासारखं जाड कव्हर, मोजक्याच प्रती. वर ठळक अक्षरांत: पहिल्यांदाच संपूर्ण, काहीही न कापता.

मला विशेष काही वाटलं नाही. अभ्यासासाठी म्हणून घेणार.

५ ऑक्टोबर

कंपनीला ईमेल लिहिलं. सिनेमावर बोलण्याची कॉमेंटरी असते ना, ती करायला मी तयार आहे, असं कळवलं. जर्मनची अडचण नाही. इथं आले तेव्हा मला कोर्सला कुणी पाठवलं नाही. मी स्टेशनवर मिळणाऱ्या भुताच्या आठवडी कादंबऱ्या वाचून शिकले. इन्शुरन्सचं पत्र अजून दोनदा वाचावं लागतं. पण तळघर, शवपेटी, अखेरची घटका या विषयांत बॉनमध्ये माझा हात कुणी धरणार नाही.

एका मिनिटात उत्तर! आपल्या संदेशाबद्दल मनःपूर्वक आभार, आम्ही लवकरच संपर्क साधू. जर्मन माणूस एरवी तीन आठवडे घेतो. म्हणजे त्यांना माझी किती गरज आहे बघा. कॉमेंटरीचे मुद्दे काढायला घेतले.

एक प्रत मागवली. ह्यांच्या खात्यावरून, ह्यांच्या नावावर. खातं बंद केलेलं नाही. खाली क्लिंगेलवर, म्हणजे बेलच्या पाटीवरही अजून वासुदेव खरवंडीकर असंच आहे. घरात बाई एकटी राहते हे बेल वाजवणाऱ्याला कळू नये. निव्वळ सुरक्षेचा प्रश्न आहे.

९ ऑक्टोबर

हायडेलबर्गहून निहारचा फोन. माझा मुलगा हुशार आहे, पण बोलतो फार. म्हणे आई, त्या काळी असले सिनेमे सगळे नंतर डब करायचे. सेटवर जो तो आपापल्या भाषेत काहीही बडबडायचा. बाबांचा आवाज त्यात नसणार, उगाच आशा धरू नकोस. मी म्हटलं, तू गाड्यांच्या ब्रेकचं बघ, सिनेमाचं मी बघते.

आवाजाचं काय आहे, ते माझ्यापुरतं लिहून ठेवते. शेवटचे चार महिने ह्यांच्या घशात नळी होती. आवाज नव्हता. ओठांवर सगळं चालायचं. नर्सना कळायचं नाही, मला कळायचं. पाणी. खिडकी. उशी वर. तू जेवलीस का. आधीचा आवाज फोनच्या आन्सरिंग मशीनवर होता. तो निहारनं नवीन राउटर लावताना पुसला. चुकून. मी त्याला काही बोलले नाही. अजूनही बोलत नाही.

बास. हे रडगाणं झालं. संकल्प उद्यापासून.

१४ ऑक्टोबर

ठरलं. दिवाळीत प्रीमियर. भाऊबीज रविवारी आहे. निहार आणि त्याची मुलगी उर्जा येतील, हरीश भावजी आणि त्यांची बायको शोभना येतील. तोपर्यंत पाकीट फोडायचंसुद्धा नाही. अशी शिस्त आहे माझी.

हरीश भावजी तेव्हा ह्यांचे रूममेट होते. शूटिंगलाही होते, मागच्या गर्दीत. फोनवर त्यांना म्हटलं, आता तरी जगाला कळेल मुख्य पुजारी कोण होता. तर ते एवढे हसले की ठसका लागला आणि फोन शोभनाकडे गेला. शोभना म्हणाली, अगं काय सांगितलंस यांना, डोळ्यांतून पाणी येतंय. मी म्हटलं, मत्सर. पन्नास वर्षं मुरलेला मत्सर आहे तो.

२६ ऑक्टोबर

कुरिअरवाला आला. नेहमीचाच, दाढीवाला. पाकीट हातात, पण देईना. अठरा वर्षांवरच्यांचा सिनेमा आहे. ज्याचं नाव त्याच्याच हातात, आउसवाइस, म्हणजे ओळखपत्र, बघून. मग तोंड वर करून म्हणाला, हेर (म्हणजे श्रीयुत) खरवंडीकर आहेत का?

किती दिवसांनी कुणीतरी असं विचारलं. मी म्हणून गेले, बाहेर गेलेत.

खोटं नाही. घरात तर नाहीतच.

२८ ऑक्टोबर

परत आला. आज म्हटलं, आंघोळीला गेलेत. तो म्हणाला, बरं, मग थांबतो दोन मिनिटं. आणि खरंच थांबला. मी आत जाऊन शॉवर सोडला आणि दारात येऊन उभी राहिले. दोघं पाण्याचा आवाज ऐकत उभे. त्यानं घड्याळ बघितलं, म्हणाला, आरामात होऊ द्या त्यांचं. आणि चिठ्ठी देऊन गेला. पाकीट आता कोपऱ्यावरच्या दुकानात, पोस्टाच्या काउंटरवर. शनिवारपर्यंत नेलं नाही तर परत बर्लिनला.

मी सहीसलामत निभावलं. त्याला शंकासुद्धा आली नाही.

२९ ऑक्टोबर

काउंटरवर साखळीचा चष्मा लावणारी बाई असते. तिला ह्यांचं आउसवाइस दाखवलं. ते खरं तर परत करायचं असतं, राहून गेलं. ती म्हणाली, कार्ड नको, माणूस पाहिजे. मी म्हटलं, आजारी आहेत. तिनं लगेच गुटे बेसेरुंग सांगितलं, लवकर बरे व्हा म्हणून, आणि ह्यांच्यासाठी खोकल्याची एक गोळी दिली. वाटेत मी खाल्ली. चांगली होती.

३० ऑक्टोबर

पुन्हा गेले. कशी आहे तब्येत, असं तिनंच विचारलं. मी म्हटलं, तशीच आहे. मागे लॉटरीचं तिकीट भरणारे एक आजोबा होते, त्यांनी हॉस्पिटलचं नाव सुचवलं. मी लिहून घेतलं. काय करणार?

घरी येऊन कंपनीच्या साइटवर दुसरी प्रत मागवायला गेले. यावेळी माझ्या नावावर. तर वर लाल पट्टी: संपलं. पुन्हा निघणार नाही.

ठीक आहे. मी घाबरलेली नाही. लाडू वळायला घेतले. अर्धे फुटले. तूप जर्मन आहे.

१ नोव्हेंबर

आपलं लक्ष्मीपूजन, यांचा सर्व संतांचा दिवस. पुन्हा सगळं बंद. दफनभूमीत मात्र गर्दी. जो तो आपल्या माणसाला लाल दिवा लावायला आलेला. इथल्या कायद्यानं अस्थी घरी ठेवता येत नाहीत, म्हणून ह्यांची जागाही तिथं आहे. मी पणती नेली. वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. शेजारच्या थडग्यावरच्या आजींनी आपल्या पिशवीतला झाकणाचा दिवा काढून दिला. म्हणाल्या, उघडा दिवा नोव्हेंबरात टिकत नाही, लक्ष्मी असो की कोणी. (लक्ष्मीचं मीच सांगितलं होतं.)

दगडावर वासुदेव खरवंडीकर आहे, खाली तारीख आहे. येणारे-जाणारे वाचतात. अख्ख्या बॉनला माहीत आहे. दाढीवाल्याला आणि चष्मेवालीला तेवढं नाही.

आणि क्लिंगेलला.

सुरक्षा. बास.

२ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. मृत्यूचा दाखला प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि गेले. वाक्य घरी घोकलं होतं. मरणासाठी मला जर्मनमध्ये कमीत कमी सहा वाक्प्रचार येतात, सगळे कादंबऱ्यांतले. काउंटरवर तोंडातून निघालं, ते छायांच्या दारातून पलीकडे गेले आहेत. ती म्हणाली, म्हणजे पार्किंगमध्ये का?

मग साधं सांगितलं. माझा नवरा मेला आहे. अडीच वर्षांपूर्वी.

लॉटरीवाल्या आजोबांनी पेन खाली ठेवलं. चष्मेवाली म्हणाली, पण बुधवारी तुम्ही तब्येत तशीच आहे म्हणालात. मी म्हटलं, तशीच आहे.

तिनं दाखला वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाली, आल्झो, असं बघा, हे नियमात बसत नाही. मग माझं आउसवाइस मागितलं आणि माझी जन्मतारीख मशीनमध्ये घातली. १९५४. मशीन थोडा वेळ विचारात पडलं. मग हिरवा दिवा. मी अठरा वर्षांची पूर्ण आहे असं सिद्ध झालं आणि पाकीट मिळालं.

सगळं माझ्या योजनेप्रमाणे झालं. फक्त रस्त्यात बाकावर थोडा वेळ बसावं लागलं.

३ नोव्हेंबर, संध्याकाळी

प्रीमियर.

उर्जा चौदाची, म्हणून कायद्याप्रमाणे तिला स्वयंपाकघरात पाठवलं. तिनं जर्मनमध्ये ऐकवलं की याहून भयंकर गोष्टी ती रोज शाळेच्या बसमध्ये बघते. मी हरीश भावजींना शेवटची संधी दिली. म्हटलं, काही कबूल करायचं असेल तर आता करा. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही आधी बघा, मी चिवडा खातो.

मठाचं दार उघडलं. आणि आग लागली नाही! जिना, मेणबत्त्या, मग मुख्य पुजारी. सहा फूट उंच, निळ्या डोळ्यांचा इटालियन.

मी म्हटलं, मेकअप किती चांगला आहे.

त्याच्यामागे भिक्षूंची रांग. त्यातला एक पुढे आला, डोक्यावरची टोपी मागे पडली. हे. तेवीस वर्षांचे. केवढे केस. मला ओळखत नव्हते तेव्हाचे. डोळे वटारून सरळ माझ्याकडे बघत होते. तोंड उघडलं, आणि आतून कुणा जाड्याभरड्या जर्मनचा आवाज आला: सात पिढ्यांपर्यंत तुमचं रक्त सुकत जाईल.

हे बोलायला लागले की शेवटचा शब्द वर जायचा. हा माणूस खाली नेतो.

निहारनं रिमोट माझ्याकडे सरकवला. बरं केलं त्यानं.

मी आवाज बंद केला. मागे नेलं. परत लावलं. पुन्हा मागे नेलं. तिसऱ्यांदा कळायला लागलं, हॉस्पिटलमध्ये कळायचं तसं. डोळे कॅमेऱ्याकडे, बोलणं शेजारच्या भिक्षूशी. मी मोठ्यानं म्हणत गेले, ह्यांच्या ओठांबरोबर.

हऱ्या, माझे मोजे घातलेस. काढ. पायांचा बर्फ झालाय माझ्या. आईनं विणलेत ते, हऱ्या.

हरीश भावजींचा चिवड्याचा हात तोंडाशीच थांबला. शेजारचा भिक्षू तेच होते. पडद्यावर खाली आपल्या पायांकडे बघत होते. मग भावजी म्हणाले, डायरेक्टरनं सांगितलं होतं, रागानं काहीही बोला, आवाज नंतर घालू. वास्या तासभर मोज्यांवरच बोलत होता. शोभनानं विचारलं, कुठले मोजे? ते राखाडी? जे तुम्ही आपल्या लग्नानंतर उटीला घातले होते? भावजी म्हणाले, गेनाऊ, तेच. परत द्यायचे राहिलेच.

स्वयंपाकघराच्या दारातून उर्जा म्हणाली, आजी, परत लाव. हे ती मराठीत बोलली.

परत लावलं. पुष्कळदा लावलं. आगीपर्यंत कुणी गेलंच नाही.

४ नोव्हेंबर

कंपनीला ईमेल: शापाचं भाषांतर चुकलं आहे, पुढच्या आवृत्तीत मोजे घालावेत. एका मिनिटात मनःपूर्वक आभार. फार आपुलकीची माणसं.

क्लिंगेलवरचं नाव आज काढणार. सगळं सांगून झालंय, आता लपवायचं काय? स्क्रू-ड्रायव्हर शोधून ठेवला. बाहेर गारठा होता. उद्या.

८ नोव्हेंबर

दाढीवाला आला. मऊ पाकीट, ह्यांच्या नावावर. याला आउसवाइस लागत नाही म्हणाला. मग, नेहमीसारखंच, हेर खरवंडीकर कसे आहेत?

मी सांगितलं. साध्या शब्दांत, सरावानं आता जमतं.

त्यानं मान हलवली. म्हणाला, माहीत आहे. तळमजल्यावरच्या फ्राऊ क्रेमरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी विचारलं, मग त्या दिवशी आंघोळ होईपर्यंत थांबलात कशाला? तो म्हणाला, तुम्ही इतक्या घाईनं पाणी सोडलंत. लगेच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

पाकिटात राखाडी लोकरी मोजे. बरोबर हरीश भावजींची चिठ्ठी: वास्या, हे घे.

ह्यांच्या कप्प्यात ठेवले. मग काढले. मला मोठे होतात, टाच घोट्यावर येते. घातलेत.

नाव उद्या.