दार लोटू नको माये

लातूर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. बुद्धप्रिया,

जय भीम, आणि आत्याचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. यंदा तूर चांगली झाली, तुझ्यासाठी डाळ काढून ठेवलीय. लातूरच्या कार्यक्रमात तू तुझ्या बाबाचं गाणं म्हणणार, हे ऐकून बरं वाटलं. दादा असता तर पहिल्या रांगेत बसला असता. नाही, खोटं कशाला लिहू? तो उठून गेला असता.

गाण्यामागची गोष्ट तू फोनवर विचारलीस, मी डाळीचं बोलत बसले. हे मला तोंडानं बोलवत नाही, म्हणून लिहून राहिले.

लोकांना ठाऊक आहे ते एवढंच, की नांदेडच्या कॉलेजात केस वाढवलेला एक पोरगा होता, आनंदराज. गिटार आणि ढोलकी एकत्र करून त्यानं 'दार लोटू नको माये' गायलं, तबकडी निघाली, मोर्च्यामोर्च्यात पोरं ते म्हणू लागली. दार म्हणजे समतेचं दार, असं भाषणांतून सांगायचे. दादा ऐकून घ्यायचा. खाली बघायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आपल्या गावात, चाकूरजवळ, पाणी उरलं होतं ते फक्त माळावरच्या जुन्या आडात. मोठं माणूस आत मावायचं नाही. पोरींना दोरानं सोडायचे, त्या वाटीवाटीनं घागर भरायच्या. सरजाबाईची पंचशीला अकरा वर्षांची, माझ्याच वयाची. एक दिवस ती खाली असताना आडाची कड ढासळली. तिला वर काढता आलं नाही. तो आडच तिची जागा झाला.

पुढं उन्हाळ्यात दादा नांदेडहून आला. भर दुपारी गिटार घेऊन माळावर त्या आडाच्या काठी बसला होता. परत आला तो एक चाल गुणगुणत. म्हणाला, "माळावर वारं नव्हतं गं. तरी ही चाल खालून येत होती."

दार लोटू नको माये,
घागर घेऊन येते.

दोन कडवी होती. त्यानं ती सरजाबाईला म्हणून दाखवली. ती निवडायचं सूप खाली ठेवून म्हणाली, "माझ्या पोरीची चाल हाय ही. ती मला हाक मारून राहिली." त्या दिवसापासून तिनं दार लावलं नाही. थंडी असो, कुत्री शिरोत, दार उघडंच.

दोन वर्षांत गाणं गाजलं. मग दादा एकदा गावी आला, पुन्हा माळावर गेला आणि धावतच घरी आला. "तिसरं कडवं आलं," म्हणाला, आणि माझ्या कानात सांगितलं.

लाव आता कडी माये,
घागर आणली भरून.

आम्ही दोघं सरजाबाईकडे गेलो. दाराला आतून कडी होती. हाका मारल्या, शेवटी दार मोडलं. सरजाबाई कुशीवर निजलेली होती, लेकराला जागा करून द्यावी तशी कडेला सरकून. अंग गार. घरातला रांजण कोरडा ठणठणीत, आणि तिच्या पदराचं टोक ओलं होतं, कुणाचे तरी केस पुसल्यासारखं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी जन्मभर दवाखान्यात नर्स होते, मीही तेच म्हणेन. पण दादानं त्यानंतर गिटारला हात लावला नाही. लोक म्हणाले, सरकारी नोकरी लागली, गडी बदलला. तो मला एवढंच म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी. काय सांगू, भुताची चाल चोरून आणली म्हणून?" तिसरं कडवं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि परवा तू विचारतेस, "आत्या, तालमीत आपोआप आलं गं तोंडात, हे बाबाचंच का?"

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी ऐकलं. दोन कडवी तुझ्या आवाजात आहेत. तिसऱ्यात तू 'घागल आणली भलून' म्हणालीस. बुद्धप्रिया, पंचशीलाला 'र' म्हणता यायचा नाही. हे दादानं कधी गायलं नाही, मी कधी बोलले नाही.

आता राहिलेलं लिहिते. पंचशीला आपल्या आईला 'बाई' म्हणायची. आपल्याकडे तेव्हा बरीच लेकरं तसंच म्हणायची. 'माये' ती मला म्हणायची. माझं महामाया हे नाव म्हणायला तिची जीभ वळायची नाही. पाण्याला जाताना आमच्या दारावरून हाक द्यायची, आणि त्या दिवशी मी तापानं फणफणले होते, म्हणून गेले नाही. गाणं ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं, हाक कुणाला आहे ते. पण सरजाबाईजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. तो तिच्याकडून कसा काढून घेऊ?

तू घाबरू नको. मीही घाबरलेली नाही. कार्यक्रमात तिन्ही कडवी म्हण, आणि गाणं पंचशीला सरजाबाईचं आहे असं आधी सांग. दादाला राग येणार नाही.

आज सकाळपासून दार उघडंच ठेवलंय. उंबरा दोनदा पुसला, पुन्हा ओला होतोय. हे पत्र शेजारच्या पार्वतम्माच्या हाती देते, आणि मग आत येऊन कडी लावते.

तुझी आणि तिची,
माया